दोन ठिकाणांमधला कोन : अरुण फडके आणि वीजजालाच्या मापनाचा इतिहास

१

३० जुलै २०१२ च्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी दिल्लीसह संपूर्ण उत्तर भारत अंधारात बुडाला. दिवसभराच्या प्रयत्नांनी वीजपुरवठा पूर्ववत होतो न होतो तोच दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला दुपारी १ वाजता, उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन विभाग एकदम कोसळले. दिल्लीची मेट्रो थांबली, लांब पल्ल्याच्या गाड्या वाटेतच उभ्या राहिल्या, पश्चिम बंगालमधील खाणींत कामगार अडकून पडले. पहिल्या दिवशी सुमारे ३६,००० मेगावॅट आणि दुसऱ्या दिवशी सुमारे ४८,००० मेगावॅट एवढा भार खंडित झाला. दुसऱ्या दिवशी ज्या प्रदेशावर हा परिणाम झाला त्याची लोकसंख्या ६० कोटींहून अधिक होती. पश्चिम विभाग मात्र वेगळा होऊन तगला, त्यामुळे महाराष्ट्रातले दिवे तेवत राहिले.

केंद्रीय वीज मंत्रालयाने नेमलेल्या चौकशी समितीने ऑगस्ट २०१२ मध्ये अहवाल सादर केला. दोन्ही दिवसांच्या घटनाक्रमाचा आरंभ तीत एकाच ठिकाणी दाखवला आहे : बीना ते ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची पारेषण-वाहिनी. ही वाहिनी कोठे तुटली नव्हती, तिच्यावर झाड पडले नव्हते, वीजही कोसळली नव्हती. तिच्या टोकाशी बसवलेल्या एका रक्षक-यंत्राने, म्हणजे रिलेने, वाहिनीवरील जड भार हाच दूरचा बिघाड आहे असे मानले आणि वाहिनी तोडली.

या दोन दिवसांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला एक माणूस टाळून पुढे जाता येत नाही. अशा रिलेंचे संगणकीय रूप घडवण्यात ज्यांनी उमेदीची वर्षे घालवली, त्या कामातून ज्यांच्या हाती वीजजालाचे मापन करण्याची सर्वस्वी नवी पद्धत आली आणि २०१२ च्या घटनाक्रमाची जुळणी करताना ज्या जातीच्या उपकरणांच्या नोंदी उपयोगी पडल्या त्या उपकरणाचे जे जनक होत, ते अरुण फडके. त्यांचा जन्म १९३८ मध्ये ग्वाल्हेरलाच झाला होता. हा योगायोग आहे आणि त्याला योगायोगाहून अधिक वजन देण्याचे कारण नाही. परंतु दिल्लीच्या अंधाराचे मूळ शोधत ग्वाल्हेरपर्यंत गेलेल्या मराठी वाचकाला तेथे हे नाव भेटू नये, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. प्रस्तुत लेखात फडके यांच्या शोधाचे स्वरूप आणि तो अलक्षित राहण्याची कारणे या दोन प्रश्नांचा परस्परसंबंध तपासावयाचा आहे.

२

ग्वाल्हेर हे बृहन्महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासातले महत्त्वाचे ठाणे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दौलतराव शिंद्यांच्या काळात लष्कर ही वसाहत वाढली आणि तिच्याबरोबर मराठी कुटुंबे तेथे स्थिरावली. ख्यालगायकीच्या ग्वाल्हेर घराण्याचा, भा. रा. तांब्यांच्या कवितेचा, किंवा ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे १९१७ मध्ये जन्मून हिंदीत लिहिणाऱ्या गजानन माधव मुक्तिबोधांचा विचार करताना आपण या भूमीकडे पुन्हा पुन्हा वळतो. गाणे आणि कविता यांची ही नोंद समृद्ध आहे. त्याच भूमीतून निघालेल्या तंत्रविद्येची नोंद मात्र जवळजवळ कोरी आहे.

फडके यांनी १९५५ मध्ये आग्रा विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेतली आणि १९५९ मध्ये खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून ते अभियंता होऊन बाहेर पडले. ती संस्था तेव्हा अवघी आठ वर्षांची होती. पुढे शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९६१ मध्ये एम.एस. आणि विस्कॉन्सिन विद्यापीठातून १९६४ मध्ये पीएच.डी. असा त्यांचा प्रवास झाला. १९६९ मध्ये ते अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर या वीजकंपनीत दाखल झाले. १९८२ पासून व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात त्यांचे अध्यापन-संशोधन सुरू झाले. या आलेखात नाट्य थोडे आहे. परदेशी शिक्षण, कंपनीतली नोकरी, मग विद्यापीठ अशी त्या पिढीतल्या अनेकांची वाट होती. शोधाचे नाट्य आयुष्यात नाही, ते प्रश्नात आहे. म्हणून प्रथम प्रश्न समजून घ्यावयास हवा.

३

घरात येणारी वीज सेकंदाला ५० वेळा दिशा बदलून मूळ स्थितीला येते. तिचा दाब लाटेसारखा चढतो, उतरतो. ही लाट एखाद्या विशिष्ट क्षणी चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे सांगणाऱ्या राशीला मराठी परिभाषेत 'कला' म्हणतात. चंद्राची कला आणि विजेची कला यांत एकच कल्पना आहे : फिरत्या चक्रातील एका क्षणाची अवस्था. पूर्ण चक्र ३६० अंशांचे मानले, तर ही अवस्था कोनाने सांगता येते. जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १८९३ मध्ये शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत अशा लाटेचे गणित संमिश्र संख्यांनी करण्याची रीत मांडली. लाटेची उंची आणि तिचा कोन मिळून जी एक राशी होते तिला पुढे 'फेझर' हे नाव रूढ झाले.

एकाच जालाला जोडलेल्या दोन दूरच्या ठिकाणी, समजा दिल्लीजवळच्या दादरीला आणि सिंगरौली भागातल्या विंध्याचलला, लाटेची वारंवारता सारखी असते, पण तिचे शिखर दोन्हीकडे एकाच क्षणी येत नाही. या पुढेमागे असण्यालाच कलांतर किंवा कोनातील फरक म्हणावयाचे. वीज ज्या ठिकाणाचा कोन पुढे आहे तेथून मागे असलेल्या ठिकाणाकडे वाहते, आणि फरक जितका मोठा तितका जालावरचा ताण जास्त. तो ठराविक मर्यादेपलीकडे गेला की दोन्ही भाग एकमेकांशी लय राखू शकत नाहीत आणि जाल फुटते. वीजजालाच्या प्रकृतीची सर्वांत खरी खूण या कोनात आहे.

अडचण अशी की हा कोन कोणत्याही एका ठिकाणी नसतो. तो दोन ठिकाणांच्या मध्ये असतो. दादरीच्या उपकेंद्रात कितीही उत्तम मापक लावला तरी त्याला दादरीचीच लाट दिसेल. दोन लाटांची तुलना करायची तर दोन्हीकडची मापने नेमक्या एकाच क्षणी घेतली पाहिजेत, आणि येथे 'एकच क्षण' याचा अर्थ फार कठोर आहे. एक पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांत संपते. त्यामुळे दोन ठिकाणच्या घड्याळांत एका मिलिसेकंदाचा फरक पडला, तर मोजलेल्या कोनात १८ अंशांची चूक होते. एवढ्या चुकीसह ते मापन निरुपयोगी ठरते.

९ नोव्हेंबर १९६५ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडाच्या काही प्रदेशात सुमारे ३ कोटी लोकांना अंधारात टाकणारी घटना घडली. त्यानंतर जालावर केंद्रातून लक्ष ठेवण्याचे प्रयत्न वाढले. फ्रेड श्वेपी यांनी १९७० मध्ये अवस्था-अनुमानाची पद्धत मांडली. तीत ठिकठिकाणचे दाब आणि वीजप्रवाह यांची आकडेवारी गोळा करून कोन गणिताने काढला जाई. परंतु ही आकडेवारी काही सेकंदांच्या अवधीत, पुढेमागे गोळा होत असे, आणि त्या अवधीत जाल स्थिर आहे असे गृहीत धरावे लागे. निवांत दिवशी हे गृहीतक चालते. जाल कोसळू लागते तेव्हा, म्हणजे ज्ञानाची खरी निकड असते तेव्हा, तेच पहिल्यांदा खोटे ठरते.

४

फडके या प्रश्नाकडे थेट आले नाहीत. अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवरमध्ये ते हलिब्का आणि इब्राहिम या सहकाऱ्यांबरोबर संगणकावर चालणारा अंतर-रिले तयार करीत होते. पारेषण-वाहिनीवर बिघाड झाला की दाब घसरतो आणि प्रवाह वाढतो. दाबाला प्रवाहाने भागले की बिघाड किती दूर आहे याचा अंदाज येतो, आणि त्यावरून वाहिनी तोडायची की नाही हे रिले ठरवतो. तीन तारांच्या वाहिनीवर बिघाडाचे दहा प्रकार संभवतात आणि त्यांसाठी सहा वेगवेगळी समीकरणे सोडवावी लागतात. त्या काळच्या तोकड्या संगणकाला हे काम जड होते. चार्ल्स फोर्टेस्क्यू यांनी १९१८ मध्ये मांडलेल्या सममित घटकांच्या पद्धतीचा आधार घेऊन या गटाने सहा समीकरणांच्या जागी एकच समीकरण आणले. १९७७ मध्ये ही मांडणी प्रसिद्ध झाली.

या एका समीकरणासाठी लाटेचे नमुने चक्रागणिक बारा वेळा घेऊन त्यांतून सममित घटकांचे फेझर सतत काढत राहावे लागे. संगणकांचा वेग वाढल्यावर सहा समीकरणांची अडचण उरली नाही आणि त्या रिलेची मूळ गरज ओसरली. परंतु वाटेत मिळालेली वस्तू हातात राहिली : एका चक्राच्या अवधीत, अचूकपणे, अखंड मिळणारा दाबाचा फेझर. आपल्या कामाचे हे उपफल मूळ कामापेक्षा मोलाचे आहे, हे फडके यांनी ओळखले. प्रत्येक उपकेंद्रात असा फेझर मोजता आला आणि सर्व उपकेंद्रांची घड्याळे जुळवता आली, तर संपूर्ण जालाचे एका क्षणाचे चित्र मिळेल.

घड्याळाचा प्रश्न भूमीवर सुटणारा नव्हता. तो आकाशात सुटला. अमेरिकेच्या जी.पी.एस. योजनेचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला गेला होता. स्थाननिश्चितीसाठी योजलेली ही व्यवस्था मुळात अचूक वेळेवर उभी आहे आणि तिच्यापासून मिळणारी वेळ पृथ्वीवर सर्वत्र एका मायक्रोसेकंदाच्या अचूकतेने जुळते. ५० आवर्तनांच्या विजेत एक मायक्रोसेकंद म्हणजे अंशाचा सुमारे अठरा सहस्रांश भाग. फडके, कॉर्नेल विद्यापीठाचे जेम्स थॉर्प आणि मार्क अदामियाक यांचा १९८३ चा लेख या नव्या मापनपद्धतीचा पाया मानला जातो. १९८८ च्या सुमारास व्हर्जिनिया टेकच्या प्रयोगशाळेत 'फेझर मेझरमेंट युनिट' किंवा पी.एम.यू. या उपकरणाची पहिली रूपे तयार झाली आणि त्यांतील काही अमेरिकेतील वीजकंपन्यांच्या उपकेंद्रांत बसवली गेली. त्या वेळी उपग्रहांची साखळी अपुरी होती. ती पूर्ण क्षमतेने १९९५ मध्ये कार्यरत झाली, आणि पी.एम.यू.चे पहिले आंतरराष्ट्रीय मानकही त्याच वर्षीचे आहे.

येथे एक बाब नोंदवणे अगत्याचे आहे. या शोधातील कोणताही सुटा घटक फडके यांचा एकट्याचा नाही. फेझर स्टाइनमेट्झचा, सममित घटक फोर्टेस्क्यूचे, घड्याळ उपग्रहांचे, आणि सहकारी तर प्रत्येक टप्प्यावर होते. या सर्वांना जोडणारे जे ज्ञान, म्हणजे दूरस्थ गोष्टींची तुलना करायची तर प्रथम त्यांच्यासाठी सामाईक काळ निर्माण केला पाहिजे हे भान, तो शोधाचा गाभा होय. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला हा विचार परका वाटू नये. दोन भाषांतील दोन कृती शेजारी ठेवताना त्यांना एका काळरेषेवर आणण्याचे श्रम तोही करीत असतो, आणि त्या रेषेतली चूक निष्कर्षात किती पटींनी वाढून येते हे जाणून असतो.

५

आता पुन्हा बीना–ग्वाल्हेर वाहिनीकडे वळू. अंतर-रिलेचे साधारणतः तीन टप्पे असतात. पहिला टप्पा आपल्या वाहिनीच्या बहुतांश भागातील बिघाडावर तत्काळ कृती करतो. दुसरा थोडा थांबून उरलेला भाग सांभाळतो. तिसरा पुढच्या वाहिन्यांपर्यंत नजर टाकतो आणि तेथील रिले चुकले तरच, बऱ्याच विलंबाने, मध्ये पडतो. या तिसऱ्या टप्प्याची नजर लांबची असल्याने त्याची फसगतही सोपी. वाहिनीवर अतिरिक्त भार आला, प्रवाह वाढला आणि दाब थोडा उतरला, तर त्यांचे गुणोत्तर दूरच्या बिघाडासारखेच दिसते. रिले आपल्या जागी उभा राहून आपल्यापुरती दोन मापने वाचतो. त्या वाचनातून त्याला बिघाड आणि ओझे यांतला भेद कळत नाही.

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका-कॅनडात सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले, त्या घटनेचे निर्णायक वळणही हेच होते. ओहायोतील सॅमिस–स्टार ही वाहिनी बिघाड नसताना तिसऱ्या टप्प्याच्या रिलेने तोडली. त्यानंतरच्या चौकशीत आणखी एक त्रुटी उघड झाली. ठिकठिकाणच्या नोंदयंत्रांची घड्याळे जुळत नसल्याने घटनांचा क्रम लावण्यातच तपासकर्त्यांचे फार श्रम खर्ची पडले. पुढे स्टॅनली होरोविट्झ आणि फडके यांनी २००६ मध्ये एका लेखात या तिसऱ्या टप्प्याचा फेरविचार केला. तो टप्पा सरसकट रद्द करावा असे त्यांचे म्हणणे नव्हते. तो कोठे खरोखर आवश्यक आहे आणि कोठे नाही, तसेच भारामुळे त्याची फसगत होणार नाही अशी त्याची मांडणी कशी करावी, हा त्यांच्या चर्चेचा विषय होता.

त्यानंतर सहा वर्षांनी बीना–ग्वाल्हेर मार्गावर तेच घडले. त्या पट्ट्यातील काही वाहिन्या सुधारणेच्या कामासाठी बंद होत्या. पश्चिमेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या विजेचे ओझे एका वाहिनीवर एकवटले होते. ती तुटताच वीज पूर्वेकडून लांबचा वळसा घेऊन उत्तरेकडे धावू लागली, कोनातील फरक वाढत गेला आणि जोडवाहिन्या एकामागून एक सुटल्या. आपल्या देशात जाल एक करण्याची प्रक्रिया वेगाने चालली होती. ऑगस्ट २००६ मध्ये उत्तर विभाग पूर्व-पश्चिमेच्या जालाशी जोडला गेला, आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणही त्यात सामील झाली. जाल जितके विस्तारते तितका दोन टोकांमधला कोन महत्त्वाचा होतो, आणि एका जागी उभ्या असलेल्या रिलेचे अज्ञान तितके धोक्याचे ठरते.

तथापि २००३ आणि २०१२ यांत एक फरक होता. मे २०१० मध्ये उत्तर विभागात प्रायोगिक स्वरूपात चार पी.एम.यू. कार्यान्वित झाले होते : मोगा, कानपूर, दादरी आणि विंध्याचल येथे. त्यांची मापने दिल्लीत कटवारिया सराय येथील उत्तर विभागीय भार-प्रेषण केंद्रात एकत्र येत होती. काही सेकंदांनी एकदा मिळणाऱ्या जुन्या आकडेवारीच्या तुलनेत ही उपकरणे सेकंदाला अनेक वेळा, आणि सामाईक वेळेचा शिक्का मारून, नोंद करतात. दोन दिवसांच्या घटनाक्रमाची जुळणी करताना समितीला या नोंदींचा आधार मिळाला, आणि अशा मापनाचा देशभर जलद विस्तार करावा अशी शिफारस तिने केली. त्यानुसार पुढील वर्षांत देशाच्या उपकेंद्रांत शेकडो पी.एम.यू. बसले.

६

एवढ्या महत्त्वाच्या कामाचा कर्ता व्यवसायाबाहेर अपरिचित का राहिला? मानसन्मान मिळाले नाहीत असे नाही. १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले, आणि २००८ मध्ये थॉर्प यांच्यासमवेत त्यांना बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळाले. तेव्हा उपेक्षेचे कारण व्यक्तीशी झालेल्या अन्यायात शोधण्यापेक्षा कथनाच्या घाटात शोधणे अधिक फलदायी ठरेल.

संशोधकाचे चरित्र मराठीत एका ठरलेल्या साच्यातून येते. दारिद्र्य किंवा उपहास, ध्यास, एक वस्तू आणि शेवटी कीर्ती किंवा करुण विस्मरण असा त्याचा क्रम असतो. मुंबईत १८६७ मध्ये जन्मलेल्या शंकर आबाजी भिसे यांना 'भारताचे एडिसन' म्हटले गेले, यात गौरव आहे, तसाच त्या साच्याचा स्वीकारही आहे. भिसे यांच्याजवळ दाखवता येण्याजोगे टंक ओतण्याचे यंत्र होते. एडिसनचा दिवा हातात धरता येतो. फडके यांनी जगाला दिले ते मापन आहे. पी.एम.यू. ही दिसायला कपाटात बसवलेली एक पेटी. ती वीज निर्माण करीत नाही आणि वाहूनही नेत नाही. एकटी असताना तर तिला फारसा अर्थच नाही. तिच्यासारख्या दुसऱ्या पेटीशी नाते जुळले की ती अर्थपूर्ण होते. नात्याचा शोध लावणाऱ्याचे चरित्र वस्तूच्या साच्यात कसे बसावे?

दुसरे कारण यशाच्या स्वरूपात आहे. या शोधाचे यश म्हणजे न घडलेली घटना. वीज गेली की चौकशी समिती नेमली जाते, अहवाल येतो, वृत्तपत्रे भरतात. ती गेली नाही त्या रात्रीची बखर कोणी लिहीत नाही. तंत्रविद्येचा इतिहास दिव्यांच्या प्रकाशातून जितका लिहिला गेला तितका टळलेल्या अंधारातून लिहिला गेलेला नाही.

तिसरे कारण आपल्या भाषिक भूगोलाचे. बृहन्महाराष्ट्राची आपली नोंदवही गायक, कवी, संस्थाने आणि नाट्यमंडळ्या यांसाठी आखलेली आहे. ग्वाल्हेर, खरगपूर, विस्कॉन्सिन, व्हर्जिनिया असा प्रवास करणाऱ्या आणि मुख्यतः इंग्रजी शोधनिबंधांतून बोलणाऱ्या माणसासाठी त्या वहीत रकाना नाही. फडके हे आडनाव पाहून त्यांना 'आपले' म्हणण्याचा हक्क सांगणे सोपे आहे, पण त्याने इतिहासात भर पडत नाही. ज्या कल्पनेसाठी त्यांचे नाव घ्यायचे ती मराठीत समजावून सांगता येणे हीच खरी नोंद. त्यासाठी लागणारा 'कला' हा शब्द आपल्या परिभाषेत तयार आहे. त्याचा वापर पाठ्यपुस्तकाच्या बाहेर आणण्याचे काम उरले आहे.

बीना–ग्वाल्हेर वाहिनीवरील रिलेने जे केले त्याला वाईट हेतू कारण नव्हता, यंत्रदोषही नव्हता. त्याने आपल्या जागेवरून दिसले ते प्रामाणिकपणे वाचले. बीनेच्या किंवा ग्वाल्हेरच्या उपकेंद्रात उभे राहून ते वाचन चुकीचे आहे असे कोणालाच सांगता आले नसते. त्यासाठी त्याच क्षणी दादरीत आणि विंध्याचलला काय चालले होते हे माहीत असणे आवश्यक होते.